कोरडी जागा

कुणाच्याही घरी गेले की मास्तर आधी वर बघत. दारात चपला काढायच्या, टोपी सारखी करायची आणि मान मागे टाकून आढ्यापासून वळचणीपर्यंत सावकाश नजर फिरवायची. घरातली माणसे "या, बसा" म्हणत उभी असत, पाण्याचा तांब्या पुढे येई, आणि हे विचारत, "कुठं गळते?" बारसे असो, साखरपुडा असो, कुणी वारल्यावर भेटायला जाणे असो, प्रश्न हाच. ज्यांना सवय होती ते बोट दाखवून मोकळे होत. ज्यांना नव्हती ते चक्रावत. शाळेत नवे मुख्याध्यापक आले तेव्हा त्यांनी सर्व शिक्षकांना घरी चहाला बोलावले होते. स्वागताचे दोन शब्द बोलायला ते उभे राहिले, तोच मागून आवाज आला, "साहेब, तुमच्या डोक्यावरच फुटकं कवेलू आहे जी. इकडं सरकून बोला."

यवतमाळच्या त्या शाळेत मी मराठी शिकवत होतो आणि ते इतिहास. विदर्भ मुंबई राज्यात आला त्याच्या पुढच्या वर्षी मी नगरकडून तिथे नोकरीला गेलो. आमच्या गावची घरे धाब्याची, सपाट मातीच्या छपराची. त्या छपरावर उन्हाळ्यात माणसे झोपत आणि सुगीत शेंगा वाळत. छप्पर ही काळजी करण्याची गोष्ट असते हे मला यवतमाळात समजले. तिथे उन्हाळा संपत आला की घरोघर कवेलू, म्हणजे कौले, फेरायचे काम निघे. छपरावरचे एकेक कवेलू उचलायचे, खालची माती झटकायची, फुटके काढून टाकायचे आणि चांगले पुन्हा ओळीने बसवायचे. ज्याने हे केले नाही त्याला झड लागली की कळे. झड म्हणजे आभाळ न उघडता दिवसामागून दिवस एकसारखा पडत राहणारा पाऊस. तो जोराचा नसतो, पण थांबत नाही. अंथरूण, पीठ, काड्यापेटी, पुस्तके, सगळे त्यात हळूहळू ओलसर होत जाते. मी त्या गावात राहिलो तोवर त्या ओलीला कधी सरावलो नाही.

मास्तर उंच होते, आणि उंच माणसे वाकतात तसे थोडे पुढे वाकलेले. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. कोटाच्या एका खिशात खडू असत. दुसऱ्या खिशात तंबाखूची एक चपटी डबी, आणि तिच्यात डांबरात मळलेली कापसाची रुई. कुठे भोक दिसले की डबीतून बोटभर रुई काढून ते त्यात ठासत. त्यामुळे उजव्या हाताची बोटे खडूने पांढरी आणि डाव्या हाताची डांबराने काळी. हजेरीपटावर, प्रश्नपत्रिकांवर, प्रगतिपुस्तकांवर त्यांच्या डाव्या अंगठ्याचे काळे ठसे पडत. पोरे त्यांना डांबर मास्तर म्हणत. वर्गाबाहेर पावले वाजली आणि कुणी दबक्या आवाजात "डांबर आलं रे" म्हटले, की ते दारातूनच म्हणत, "आलं. आता चिकटा जागेवर."

त्यांचा इतिहासही छपराच्या अंगाने चाले. एकदा त्यांच्या वर्गाबाहेरून जाताना मी थांबून ऐकले.

"तोफेनं तट पडते," ते सांगत होते. "पण किल्ला पडते तो छपरानं. एक पावसाळा डागडुजी झाली नाही की धान्य सडते. दारू भिजते. मंग मानसं खोकलू लागतात." इथे ते क्षणभर थांबले. "मंग शत्रू येते. पुस्तकात शत्रूचं नाव असते. गळतीचं नाव कोनी लिहीत नाही."

मुले हसली. मीही बाहेर उभ्या उभ्या हसलो. ते मधेच का थांबले हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

मी एका विधवा बाईंच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहत होतो. राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी छपरावर पावले वाजली. वानरे असतील असे वाटून मी काठी घेऊन बाहेर आलो, तर धोतराचा काचा मारलेले आमचे इतिहासाचे मास्तर आढ्याजवळ बसले होते.

"पंडितजी," ते वरून म्हणाले, "तुमची खाट कोन्या बाजूले आहे?" मी मराठी शिकवतो म्हणून त्यांनी मला हे नाव पहिल्या दिवशीच दिले होते.

मी बोट दाखवले. तेवढ्यात घरमालकीणबाई पदर खोचत धावत आल्या.

"ओ मास्तर! उतरा खाली आधी! मागं पोरगी न्हाऊन राह्यली न!"

"मी कवेलू पाहून राह्यलो, बाई."

"ते तुमाले माहीत हाय, मले माहीत हाय. तिले थोडीच माहीत हाय! उतरा!"

ते उतरले. बाईंनी त्यांना ओट्यावर बसवून शिव्यांच्या जोडीने चहा दिला. मास्तरांनी तो खाली मान घालून प्यायला आणि जाताना मला म्हणाले, "खाटेवर पाणी येनार नाही एवढं केलं. पुस्तकं मातर भिंतीले लावून ठेवू नका." ते गेल्यावर बाई कपबशी विसळत म्हणाल्या, "येडा वाटला ना तुमाले? येडा नाही तो. त्याची बायको मोटारखान्यात हाय."

मला वाटले बाई काहीतरी चेष्टा करताहेत. पण तसे नव्हते.

मास्तरांच्या वडिलांची कापसाची आडत होती. भरभराटीच्या दिवसांत त्यांनी मोटार घेतली आणि तिच्यासाठी अंगणाच्या टोकाला, कडुलिंबाखाली, मोटारखाना बांधला. तीन बाजूंना विटांच्या भिंती, समोर दोन फळ्यांचे मोठे दार आणि वर नालीदार पत्रे. त्या भागात पत्र्याला टिन म्हणतात. पुढे दिवस पालटले आणि मोटार गेली. मोटारखाना तेवढा तसाच राहिला. वडिलांमागे मोठे घर दोघा भावांचे होते, पण संसार होता तो धाकट्याचा. मास्तरांना मूलबाळ नव्हते. धाकट्याला लहान मुले होती.

मास्तरांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, छातीचा रोग निघाला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना वेगळे ठेवा म्हणून सांगितले. त्या काळी या रोगाची भीती आजच्या माणसाला सांगून कळायची नाही. ज्या घरात तो आहे त्या घरावरून जाताना माणसे तोंडाला पदर लावीत. धाकट्या जावेने रडत रडत त्यांचे पाय धरले होते, लेकरांसाठी. मी तेव्हा कुणाला बोल लावला नाही आणि आजही लावत नाही. वहिनींनीसुद्धा लावला नाही. दूरच्या दवाखान्यात जायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. तेव्हा मास्तरच म्हणाले, "मोटारखाना आहे न. डागडुजी करतो." आणि बायकोला म्हणाले, "तुझ्या अंगावर थेंब पडू देनार नाही."

हे मला वहिनींनीच सांगितले, हसत हसत. त्या दारव्ह्याकडच्या शेतकरी घरातल्या. अंगाने उरल्या नव्हत्या, पण डोळे मोठे आणि जीभ तिखट होती. कुणी भेटायला आले की वारा कुठून वाहतो ते त्या आधी पाहत आणि पाहुण्याला त्याप्रमाणे बसवीत. "भाऊजी, तिकडं नाही, इकडं बसा. तिकडं माझं वारं येते." मी दाराबाहेर खुर्चीवर बसे, त्या आत खाटेवर. त्यांना बोलायला माणूस हवे असे, आणि मला त्या गावात दुसरे कुणी फारसे नव्हते.

"पाहा ना भाऊजी," त्या एकदा म्हणाल्या, "मोटारीच्या जागी आनून ठेवलं मले. भोंगा तेवढा नाही."

मास्तर कोपऱ्यात पत्र्याचे तुकडे कातरत होते. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर खाटेच्या पायाला रबरी फुग्याचा जुना भोंगा तारेने बांधलेला. विकलेल्या मोटारीचा हा एवढाच अवयव कुठल्या तरी अडगळीतून त्यांनी शोधून काढला होता. वहिनींनी मला पाहून फुगा दाबला. आवाज असा निघाला की अंगणात बांधलेली गाय दावे तोडून रस्त्यावर पळाली.

"हासू नका," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "रात्री-बेरात्री मले बलवाले पाह्यजे काहीतरी." आणि गाय धरायला गेले.

मोटारखान्याचे छप्पर वाईट होते. पत्र्याच्या नालीत एक उंचवटा असतो आणि एक खोलगट भाग. पाणी खोलगट भागातून वाहते, म्हणून खिळा उंचवट्यावर मारतात. बांधणाऱ्याने खिळे सर्रास खोलगटात मारले होते. प्रत्येक खिळ्यातून पाणी आत येई. "मोटारीले काय होते त्यानं," मास्तर म्हणाले, "मोटार खोकत नाही."

शाळा सुटली की ते छपरावर असत. त्यांनी सगळे पत्रे काढले, जुनी भोके डांबराच्या रुईने बुजवली आणि नवे खिळे उंचवट्यावर मारले. प्रत्येक खिळ्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती, आणि खालून निघालेले टोक हातोड्याने वाकवून लाकडात दाबलेले. वाऱ्याने पत्रा हलून भोक मोठे होऊ नये म्हणून. मग वहिनींना पत्र्यावरच्या पावसाचा आवाज सोसेना. तर त्यांनी घाटंजीच्या बाजारातून बांबूचे तट्टे आणून आतून बांधले आणि वर गवताच्या पेंढ्या पसरून त्यावर दगड ठेवले.

"आता पाऊस आला का नाही, ते बी याइले विचारा लागते," वहिनी म्हणाल्या.

एवढ्यावर ते थांबले असते तर बरे झाले असते. पण भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हातभर फट होती. तिच्यातून झडीचे तुषार येत. ती त्यांनी विटा आणि चिखलाने लिंपून टाकली. दाराच्या फळ्यांना टायरच्या पट्ट्या ठोकल्या. भिंतींना बाहेरून पुरुषभर उंचीपर्यंत डांबर फासले, कारण वीट पाणी पिते. दारावर डांबरात बुडवलेल्या गोणपाटाचा दुहेरी पडदा सोडला. रस्त्यावरून पाहिले तर लिंबाखाली एक मोठी काळी पेटी ठेवलेली दिसे.

त्या वर्षीची झड मोठी होती. शाळेचे छप्पर गळत होते. माझ्याकडे खाट सोडून सगळीकडे भांडी मांडली होती. धाकट्या भावाच्या माजघरातही पाणी होते. मोटारखान्यात मात्र नव्हते. मास्तर संध्याकाळी जमिनीवर चाळलेली राख भुरभुरत आणि सकाळी ओणवे होऊन पाहत. थेंब पडला असेल तर राखेत खळगा दिसायला हवा. खळगा नसे. मग ते उठून भिंतीला तळहात लावत आणि हसत. शिक्षकांना त्यांनी एकेक करून घरी नेले. ज्यांना आत जायला भीती वाटे त्यांना दारातून हात घालायला सांगत. "लावून पाहा न. कोरडी आहे का नाही?" आम्ही हात लावत होतो. भिंत खरोखरच कोरडी होती.

पावसाळाभर औषध मास्तरच जाऊन आणत. डॉक्टर स्वतः आले ते झड उघडल्यावर. मी त्या दिवशी तिथे होतो. डॉक्टरांनी गोणपाट बाजूला केले, आत पाऊल टाकले आणि डांबराच्या वासाने खोकतच बाहेर आले.

"मास्तर," ते म्हणाले, "मी तुम्हाला कोरडी आणि हवेशीर जागा सांगितली होती. तुम्ही अर्धंच ऐकलं. ही खोली आहे की पेटी?"

मास्तरांच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले होते. ते काढून घ्यायचे त्यांना सुचले नाही.

"डॉक्टरसाहेब, त्याइले बोलू नका," आतून वहिनी म्हणाल्या. "लय मेहनत केली त्याइनं."

मास्तर आत गेले. "तुले दम कोंडत होता का?"

"थोडासा."

"आनं बोलली काहून नाही?"

"काय बोलू? रोज सकायी तुम्ही भिंतीले हात लावून हासत होते. तुम्हाले हासताना पाहून लय दिवस झाले होते न."

डॉक्टर पेटी हातात धरून उभे होते. मास्तरांनी वहिनींना उचलून बाहेर आणले, लिंबाखाली खाटेवर निजवले, घोंगडी पांघरली. मग घरामागून सब्बल, लोखंडी पहार, घेऊन आले आणि उत्तरेच्या भिंतीवर घाव घालायला लागले. टोपी पडली, कोट अंगातच राहिला. डांबराचे पापुद्रे सुटून विटांबरोबर खाली येत होते. कुणी त्यांना थांबवले नाही. दाराएवढे भगदाड पडल्यावर ते थांबले आणि त्याच्याकडे पाहत राहिले.

"आता पावसाचं काय करता?" खाटेवरून वहिनींनी विचारले.

ते त्यांना ठाऊक नव्हते. भगदाडाची त्यांनी खिडकी केली, वर लांब पत्र्याचा छज्जा ओढला, बांबूची झडप केली. झडप लावली की हवा बंद, उघडली की वाऱ्याबरोबर तुषार थेट खाटेवर. शेवटी जो उपाय निघाला तो मी पुढच्या पावसाळ्यात पाहिला. पावसाचा वारा फिरला की मास्तर खिडकी आणि खाट यांच्यामध्ये स्टूल टाकून पाठमोरे बसत. तुषार त्यांच्या पाठीवर. मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, तो कोरडा. पाठीवरचा कोट ओला होऊन काळा पडलेला.

"पडदा का लावत नाही?" मी विचारले.

"पडदा ओला झाला की चिकटते, वारा अडते. मानसाच्या बाजूनं वारा जाते."

"अहो, थोडे सरका न," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यानं लिंब दिसून नाही राह्यला."

ते थोडे सरकले. मला वाटते, ते दोघे तेव्हा सुखात होते. हे म्हणायला मला संकोच होतो, पण मी दुसरे काही पाहिले नाही.

त्या हिवाळ्यात वहिनी सुधारल्या. गालांवर थोडे मांस आले. उन्हाळ्यात काठीच्या आधाराने त्या अंगण ओलांडून मोठ्या घराच्या पायरीपर्यंत गेल्या आणि पायरीवर बसून धाकट्या जावेशी लोणच्याविषयी बोलल्या. जाऊ उंबरठ्याच्या आत, त्या बाहेर, पण बोलणे चांगले तासभर चालले. डॉक्टर म्हणाले, असेच राहिले तर दिवाळीला घरात न्यायला हरकत नाही. धाकट्याने लगेच पुढची खोली रिकामी केली, चुना मारून घेतला. मास्तर त्या खोलीवर चढून कवेलू फेरू लागले. धाकटा खालून एकेक कवेलू वर देत होता. इतक्या दिवसांत दोघा भावांना एका कामात मी पहिल्यांदाच पाहत होतो. "तिले सांग, खाट खिडकीपाशी टाकू," धाकटा म्हणाला. "तूच सांग," मास्तर म्हणाले. धाकटा मोटारखान्याच्या दाराकडे पाहत राहिला, पण गेला नाही. भीती अशी एका दिवसात जात नाही.

आषाढात वहिनींच्या तोंडावाटे पुन्हा रक्त पडले. श्रावणात त्या गेल्या.

मी त्यानंतर काही वर्षे यवतमाळातच होतो. मास्तर मोठ्या घरात, चुना मारलेल्या त्या खोलीत राहू लागले. शाळेत येत, शिकवत. हजेरीपटावरचे काळे ठसे बंद झाले. छपरावर चढणे त्यांनी सोडले. कुणाच्या घरी गेले तर समोर बघत, दिलेले पाणी पीत, खुशाली विचारत, इतर कुणीही विचारतो तशी. माझ्या घरमालकीणबाई एकदा म्हणाल्या, "मास्तर येऊन गेले. वर पाह्यलं बी नाही त्याइनं. एकडाव पाह्यलं असतं तर बरं वाटलं असतं." त्या वर्षी बाईंनी कवेलू फेरायला माणसे लावली होती, पण काम त्यांना पसंत पडले नव्हते.

पुढे माझी नोकरी बदलली आणि गाव सुटले. मास्तर वारल्याचे मला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने एस.टी. स्टँडवर उभ्या उभ्या सांगितले. त्याची गाडी लागली होती. कसे, कधी, हे त्यालाही नीट ठाऊक नव्हते. "डांबर मास्तर गेले सर," एवढे तो म्हणाला आणि धावत गाडीत चढला. त्या दिवसापासून त्यांच्याविषयी लिहावे असे मनात होते. लिहायला बसलो की दरवेळी त्या श्रावणातल्या सकाळपाशी येऊन हात थांबे. पण त्या सकाळीशिवाय मास्तर पुरे होत नाहीत.

झड लागलेली होती. वहिनी पहाटे गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आणि शाळेतले दोघे-तिघे पोहोचलो. मोटारखान्यात मास्तर खाटेशेजारी स्टुलावर बसले होते, पाठ खिडकीकडे. मोठ्या घराच्या ओसरीवर शेजारची वडीलधारी माणसे जमली होती. गावाबाहेरच्या मसणात तेव्हा शेड नव्हती, चारी बाजूंनी उघडे रान. लाकडेही ओली मिळणार होती.

"उघडल्यावर नेऊ," एकजण म्हणाला.

"उघडनार कवा? आभाळ पाहा न."

"राकेल घेऊ डबाभर."

"राकेलानं पेटते जी, पन टिकत नाही. मागं आमच्या गल्लीतली म्हातारी..." त्याने वाक्य पुरे केले नाही, कारण मास्तर मोटारखान्याच्या दारात येऊन उभे होते.

त्यांनी आतून पकड आणि हातोडा घेतला आणि भिंतीला शिडी लावली. वरचे दगड आणि गवत खाली पडू लागले तेव्हा मसणात न्यायला ते पत्रे काढताहेत हे आमच्या लक्षात आले. छप्पर निघणार आणि खाली वहिनी होत्या.

धाकटी जाऊ ओसरीवरून पावसात उतरली. तिने डोक्यावर पदरही घेतला नव्हता. "बाईले आत आना," ती म्हणाली. "घरात आना. पुढच्या खोलीत." आम्ही चौघांनी खाट उचलली. वहिनी अशा त्या खोलीत गेल्या.

पत्रे निघेनात. वाकवून लाकडात दाबलेली टोके, वर घट्ट झालेले डांबर. पकड घसरत होती. पहिल्या पत्र्याचा एकच खिळा निघाला तोवर धाकटा शिडीने वर गेला. तो कधी छपरावर चढला असेल असे मला वाटत नाही. चिखलाचे पाय सावरत तो भावाच्या शेजारी ओणवा झाला आणि दोन्ही हातांनी पत्रा ओढू लागला.

"कायले इतकं घट्ट मारलं, दादा!" तो ओरडला. तो रडत होता.

मास्तर पुढच्या खिळ्याकडे सरकले.

लागतील तेवढे पत्रे निघायला दुपार झाली. बैलबंडीत पत्रे आणि बांबू घालून आम्ही मसणात गेलो. चिता रचली. उंच बांबू रोवून त्यावर पत्रे आडवे टाकले. वाऱ्याच्या बाजूला माणसांनी पत्रे उभे धरले. मुख्याध्यापक होते, चपराशी होता, मी होतो. मास्तरांनी अग्नी दिला आणि तेही एक पत्रा धरून उभे राहिले. ओल्या लाकडांनी आधी नुसता धूर केला. मग आतून, राकेल ओतलेल्या बाजूने, जाळ दिसला आणि हळूहळू वर चढला. पत्रे तापू लागले. आमच्यातला एकेकजण पत्रा टाकून मागे झाला.

"पेटलं," कुणीतरी म्हणाले. "आता विझत नाही. सोडा मास्तर."

"थांबा," ते म्हणाले. "पायाकडून पानी येऊन राह्यलं." आणि पत्रा घेऊन पायांच्या बाजूला गेले. एकट्याने तो लांब पत्रा वाऱ्यात सावरत नव्हता.

धाकटा त्यांच्याजवळ गेला. "दादा, सोड आता. आता तिले पानी लागत नाही."

मास्तरांनी ऐकले नाही, किंवा ऐकून घेतले नाही. धाकट्याने खांद्यावरचा ओला दुपट्टा फाडून अर्धा भावाच्या हातांना गुंडाळला, अर्धा आपल्या, आणि पत्र्याचे दुसरे टोक धरले. इतके दिवस मोटारखान्याच्या दारात न आलेला तो माणूस चितेला इतका लगटून उभा होता की आमच्यातल्या कुणाच्याने तेवढे जवळ जाववले नसते.

वारा बदलला.

"तुझ्याकडचा कोपरा खाली घे," मास्तर त्याला म्हणाले. "आनखी थोडा. हं, असाच धर."